मस्कतहून आलेली पेटी

उस्मानपुऱ्यात, आमच्या गल्लीत, निशाला अजूनही 'कस्टमवाल्यांची निशा' म्हणतात. ती स्वतः त्या खात्यात इन्स्पेक्टर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गल्लीच्या लेखी कस्टमवाले म्हणजे तिचे वडील, अप्पाराव.

अप्पाराव सीमाशुल्क खात्यात हवालदार होते. आपल्या शहराला समुद्र नाही, सरहद्द नाही, तरी परदेशातला माल येतो. बंदरावर उतरलेले कंटेनर सील लावलेले तसेच ट्रेलरवर चढतात आणि शहराबाहेरच्या डेपोत येतात, तपासणी तिथं होते. सील तोडायचं, दाराचा दांडा ओढायचा आणि साहेब बोट दाखवतील ती खोकी खाली उतरवायची, हे अप्पारावांचं काम. संध्याकाळी ते घरी आले की लहानगी निशा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहायची.

"बाबा, आज काय उघडलं?"

अप्पाराव सांगायला बसायचे. एकदा अख्खा कंटेनर बाहुल्यांच्या डोळ्यांनी भरलेला निघाला होता. नुसते डोळे, निळे, खोकेच्या खोके. एकदा दार उघडल्याबरोबर असा काही वास आला की सगळी माणसं दोन पावलं मागं सरली. आत वाळवलेले मासे होते. लीलाबाई, निशाची आई, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "लई झालं पुराण. हात धुवा आधी." पण ऐकत तीही असायची.

निशा शिकली, परीक्षा देत राहिली आणि इन्स्पेक्टर झाली. पहिली नेमणूक नेमकी त्याच डेपोत. अप्पारावांची निवृत्ती जवळ आली होती. ती कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून फाटकातून आत शिरली, तेव्हा अप्पारावांनी टाचा जुळवून तिला सलाम ठोकला. तिला काय करावं कळेना. ती तशीच उभी राहिली, डोळे भरलेले. अप्पाराव ओठ न हलवता पुटपुटले, "सलाम घे की मॅडम. लोक बघायलेत."

रात्री जेवताना लीलाबाईनं ही गोष्ट दोघांकडून वेगवेगळी ऐकली आणि हसून हसून तिला ठसका लागला.

पुढं निशाचं लग्न झालं. नवरा प्रणय जालन्याला बँकेत, सासर दोन गल्ल्या सोडून. मध्ये काही वर्षं ती मुंबईच्या बंदरावर काढून आली, पण परत आली ती त्याच डेपोत. अन् आल्यावर तिला दिसलं की काम बदललंय.

आधी सील बदललं. आता सीलमध्येच चिप असते. कंटेनर वाटेत कुठं थांबला, कुणी हात लावला, सगळं पडद्यावर दिसतं. मग कुठला कंटेनर उघडायचा अन् कुठला न उघडता सोडायचा, हे कम्प्युटर ठरवायला लागला, आणि तो बहुतेक सगळेच सोडतो. मग स्कॅनर आला. ट्रेलर एका कमानीखालून हळू जातो आणि आतल्या मालाचं राखाडी चित्र खोलीत बसलेल्या माणसापुढं उमटतं. शेवटी फेसलेस तपासणी आली. म्हणजे निशा बसते इथं, पण तिच्या पडद्यावर येतात ते चेन्नईच्या बंदरातल्या मालाचे कागद, नाहीतर कोलकात्याच्या विमानतळावरच्या. माल तिला दिसत नाही. मालाचा मालक कोण, हे चेहऱ्यानं कळत नाही. त्याला ही कोण, हेही कळत नाही. ओळखपाळख नको, वशिला नको, म्हणून ही पद्धत. त्यात काही खोटं नव्हतं. पूर्वी साहेबांच्या टेबलाभोवती एजंटांचा जो घोळका असायचा तो गेला, हे निशालाही बरंच वाटत होतं.

तरी दिवस सुना जायचा. एकदा चेन्नईच्या कुणा व्यापाऱ्याला कागदांबद्दल प्रश्न विचारताना तिनं सुरुवातीला 'नमस्कार' लिहिलं. उत्तर आलं, त्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं, 'वणक्कम, सर किंवा मॅडम.' एवढ्यानंच तिला दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी तिनं हे माहेरी सांगितलं. अप्पाराव आता घरी असतात, संध्याकाळी लेक घरी जाताना डोकावते म्हणून दार उघडं ठेवून बसतात. म्हणाले, "नुसता वणक्कम? माल कसला होता?"

"व्हॉल्व्ह. पाण्याच्या पाइपाचे."

"हातात घेऊन बघितलेस का?"

"चेन्नईत आहेत बाबा ते. मी इथं आहे."

 निशाला वाटलं, आता अप्पाराव मशीनला नावं ठेवतील. पण ते कंबर चोळत म्हणाले, "स्कॅनर मात्र बेस्ट केला सरकारनं. माझ्या टायमाला असता तर हे कंबरडं गेलं नसतं. टाइलांची खोकी काढून काढून गेलंय हे. पोरं आता नुसतं बटन दाबत्यात. दाबू दे की."

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी निशा चहासाठी खाली उतरली. डेपोच्या फाटकाशी आता आडवा फिरता खांब आहे. कार्ड टेकवलं की तो वळतो. त्याच्या पलीकडं, भिंतीच्या तुकडाभर सावलीत, एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईच्या डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचं फडकं. माणूस धोतर-टोपीतला, ताठ बसलेला, अंगात मात्र फिकट चौकडीचा नव्या घाटाचा शर्ट. त्या धोतरावर तो शर्ट जरा नवखा दिसत होता.

"कोण आहेत हे?" तिनं फाटकावरच्या कडुबाला विचारलं.

"गंगापूरकडचे हायेत मॅडम. काल पण आले होते. पेटी आलीय म्हणतेत पोराची. मी सांगितलं, ऑनलाइन करा. तर म्हणतेत, केलं." कडुबानं आवाज खाली आणला. "पोरगा गेला त्यांचा. तिकडंच, मस्कतला."

निशा चहा विसरून बाहेर गेली. खाली बसली, त्यांच्याच शेजारी. युनिफॉर्मला माती लागेल, असं बाईच म्हणाली आणि पदरानं जागा झटकायला लागली.

माणसाचं नाव तात्यासाहेब, बाईचं भागूबाई. गंगापूरजवळच्या गावात ऊस आणि कापूस, बरी शेती. थोरला मुलगा सत्यम मस्कतला एका कारखान्यात वेल्डर होता. हिवाळ्यात एका सकाळी खोलीतली पोरं उठवायला गेली तर उठलाच नाही. हृदय थांबलं होतं. तिशी नुकती ओलांडलेली. देह मुंबईमार्गे गावी आला, अंत्यविधी झाला. त्याच्या खोलीतल्या पोरांनी वर्गणी काढून त्याचं सामान लाकडी पेटीत भरलं आणि जहाजानं लावून दिलं. ती पेटी आता आत, शेडमध्ये होती. लेकीनं, संस्कृतीनं, मोबाइलवरून सगळं भरलं होतं. अडलं होतं ते एका ठिकाणी.

"त्यो नंबर येतोय ना," तात्यासाहेब म्हणाले, "सहा आकडी. त्यो टाकल्याबिगर पुढं जाईना. अन् पेटी सत्यमच्या नावावर हाय, म्हून त्यो नंबर येतोय त्याच्याच फोनवर."

"मग त्याचा फोन?"

भागूबाईनं फाटकाकडं मान वळवली. "पेटीत हाय, बाई."

 ओटीपीचं हे पोर्टल खात्याचं नव्हतं. शेड चालवणाऱ्या एका खासगी कंपनीचं होतं. ते बनवणाऱ्याच्या मनात कुणी असं मरेल आणि त्याचं सामान मागं उरेल, हे आलंच नसावं. आत चौकशीसाठी पूर्वी एक कारकून बसायचा; आता तिथं पडदा आहे, बोट लावा अन् भाषा निवडा.

"दूतावासाचा दाखला आहे का तुमच्याकडं?"

तात्यासाहेबांनी शर्टाखालच्या बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. दाखला होता. कायद्यात यासाठी सोय आहे. परदेशात वारलेल्या माणसाचं वापरलेलं सामान त्याच्या वारसांना शुल्क न घेता द्यायचं. कुणीतरी बसून ते हातानं मार्गी लावायला हवं होतं, एवढंच.

निशा कागद घेऊन वर गेली. तिचे साहेब शिवराज नावाचे, तिच्यापेक्षा वयानं लहान, कम्प्युटरचं सगळं अंगवळणी पडलेले. त्यांनी ऐकून घेतलं, कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला आणि दहा वाक्यांत ओटीपीची अट त्या पेटीपुरती उठवली. पेटी स्कॅनरखालून गेली. अन् पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा पुन्हा अडलं. कपड्यांच्या फिकट ढिगाच्या मधोमध एक काळाभोर गोळा होता. आत काय आहे ते मशीनला कळेना. पेटीवर लाल खूण पडली. म्हणजे हातानं उघडून तपासा.

"तपासणीवर आज दुसऱ्याची ड्युटी आहे," शिवराज म्हणाले. मग निशाकडं बघून म्हणाले, "तुम्ही करता का?"

"करते."

"त्यांच्यासमोर उघडावी लागेल. त्यांना झेपेल ना?"

"दुसऱ्या कुणी उघडण्यापेक्षा त्यांच्यासमोर उघडलेली बरी, सर."

शेडमध्ये तिनं एक सतरंजी मागवली आणि पंखा त्या बाजूला वळवून घेतला. हमालानं पहारीनं फळी उचकटायला घेतली, तर ती म्हणाली, "हळू. आवाज करू नका." अप्पारावांच्या हाताखाली वाढलेली असल्यानं तिला पेटी उघडणं माहीत होतं, पण अशी पेटी तिनंही कधी उघडली नव्हती. आधी तिनं बूट काढून बाजूला ठेवले. मग वाकून एकेक वस्तू वर काढायला लागली, आणि वर काढलेली वस्तू सरळ भागूबाईच्या हातात द्यायला लागली.

घोंगडीसारखं जाड ब्लँकेट आलं. पँट्स आल्या, गुडघ्यावर ठिणग्यांनी भोकं पडलेल्या. प्लास्टिकच्या डबीत दाढीचं सामान. भागूबाई प्रत्येक वस्तू घ्यायची, नाकाजवळ न्यायची आणि मांडीवर ठेवायची. मोबाइल निघाला तो तात्यासाहेबांनी घेतला आणि बंद पडद्यावरून अंगठा फिरवला.

"तो इथं चालू करू नका काका," निशा म्हणाली. "घरी जाऊन, सगळे जवळ असताना करा."

मग खाली, दुसऱ्या एका ब्लँकेटच्या घडीत तो काळा गोळा सापडला. उचलायला हमालाची मदत लागली. कापड सोडलं तर आतून शिलाई मशीन निघालं. लोखंडी, जड, काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी हात लागून लागून पुसट झालेली. सुईत दोरा ओवलेला तसाच होता.

 मग तात्यासाहेब उभे राहिले.

"ही पेटी आमची नाय."

"काका..."

"आमचा पोरगा वेल्डर व्हता. हे कुन्या शिंप्याचं सामान हाय. अदलाबदल झाली बघा. बांधून टाका."

निशाच्या हातात पेन होतं. हक्क सांगायला आलेला माणूसच पेटी आपली नाही म्हणाला आणि तिनं ते लिहून घेतलं, की पेटी बेवारस होणार होती. पुढं तिचा लिलाव, नाहीतर भंगार. तिनं पेनाला टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं.

"मी काही ऐकलं नाही काका. बसा. पाणी प्या आधी."

"ऐकलं नाय कसं? मी सरळ बोललोय."

"पंख्याचा आवाज फार आहे इथं."

तात्यासाहेब तसेच उभे होते. भागूबाईचं मात्र त्या दोघांकडं लक्षच नव्हतं. ती गुडघ्यावर सरकत पेटीपर्यंत गेली होती आणि आत वाकून तळाशी चाचपत होती. तिथं कापडाचे तुकडे होते, वेगवेगळे, घड्या घालून नीट रचलेले. त्यातला एक तिनं ओढून काढला. तशीच ती उठली, नवऱ्याजवळ गेली आणि तो तुकडा तिनं त्याच्या बाहीला लावला.

फिकट चौकडी. तीच.

"बघा," ती म्हणाली. "म्हून याला दुकानाची चिठ्ठी नव्हती. दिवाळीला पोरानं धाडला तव्हा मी गळ्यात उलटून बघितलं व्हतं, कुठल्या कंपनीचा हाय म्हून. चिठ्ठीच नाय. मला वाटलं, पडली आसंल."

तात्यासाहेबांनी बाहीकडं पाहिलं. तुकड्याकडं पाहिलं. मग कॉलरची टोकं चिमटीत धरली, जणू शर्ट अंगावरून निसटून जाईल, आणि सतरंजीवर खाली बसले.

 हमाल दाराशी जाऊन उभा राहिला. निशा मशीनच्या बाजूला बसून राहिली; घाई करायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. मग तात्यासाहेब आपण होऊन बोलायला लागले, तिच्याकडं न बघता.

"शाळंत व्हता. शाळा सुटली की गंगापुरात मोतीराम टेलरच्या दुकानात जाऊन बसायचा. काजं करायचा, बटनं लावायचा. मला कुनीतरी सांगितलं. मी गेलो, भर बाजारातून मनगट धरून ओढीत आनला. म्हनलो, आपल्यात पोरानं बायकांची झंपरं शिवायची का? लोक काय म्हनतील मला? मंग आयटीआयला घातला. वेल्डिंग. त्यो कायबी बोलला नाय. एक शबुद बोलला नाय, बाई. गेला, शिकला, तिकडं गेला."

"तिकडं जाऊन त्यानं हे घेतलं," निशा हळूच म्हणाली.

"व्हय. अन् मला सांगितलं नाय. शर्ट धाडला, पर सांगितलं नाय."

भागूबाई म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुमी घातला आसता का?"

तात्यासाहेबांनी मान हलवली. नाही म्हणून. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि निशाला विचारलं, "हे चालतंय का आजून?"

निशाला मशीन चालवता येत नव्हतं. तिनं बाजूचं चाक बोटानं ढकललं. ते सहज फिरलं, सुई खाली गेली आणि वर आली. सांध्यांत तेल होतं. सत्यमनं किंवा त्याच्यामागं कुणीतरी, मशीन गुंडाळायच्या आधी त्याला तेल दिलं होतं.

"चालतंय काका."

"मंग लिहा," तात्यासाहेब म्हणाले. "पेटी आमचीच हाय."

निशानं लिहिलं. वापरलेलं शिलाई मशीन एक, मयताच्या नित्य वापरातलं. अहवालाच्या कोऱ्या चौकटीत आणखी काय लिहावं असं तिच्या मनात आलं, पण लिहिण्यासारखं काही तिथं बसत नव्हतं. पेटी पुन्हा ठोकताना मात्र ती हमालाला म्हणाली, खिळे कमी मारा, घरी गेल्यावर काढायला सोपं जाईल. ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगून कडुबानं पेटी गंगापूरच्या जीपपर्यंत पोचवली. जीपवर चढताना भागूबाईनं निशाच्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. "औक्षवंत व्हय," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी निशा माहेरी गेली ती पायरीवरच बसली. लीलाबाईनं आतून चहा आणला. अप्पारावांनी नेहमीसारखं काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. तिनंच सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पेन खिशाला लावलंस, ते चांगलं केलंस."

दुसऱ्या दिवशी ती शिवराज साहेबांकडं गेली. म्हणाली, "सर, या सगळ्या मशीनमुळं आपला वेळ वाचतो, असं आपण प्रत्येक मीटिंगला सांगतो. तो वाचलेला वेळ मला द्या."

"कशाला?"

"खाली जुन्या कारकुनाची खिडकी आहे, बंद पडलेली. दुपारी तासभर तिथं बसते. ज्याला पडद्यावर जमत नाही, त्यानं माझ्याकडं यावं."

शिवराज हसले. त्यांनी आधी म्हटलं, वरून परवानगी घ्यावी लागेल. मग म्हटलं, एजंट लोक पुन्हा घिरट्या घालतील. निशा म्हणाली, "कंपन्यांचं काम घेणारच नाही. नुसती घरगुती पार्सलं." शेवटी त्यांनी परवानगी आणली, तात्पुरती, लेखी. खिडकीचं दार गंजलं होतं, ते उघडायला कडुबाला रॉकेल लावावं लागलं.

खिडकीत फारशी गर्दी झाली नाही. कधीकधी तास नुसता जायचा. पण शहागंजमधले एक म्हातारे घड्याळवाले आले; त्यांच्या जर्मनीतल्या मुलीनं आईसाठी चाकाची खुर्ची पाठवली होती आणि फॉर्ममध्ये ती 'वाहन' म्हणून भरली गेल्यानं भलतंच शुल्क दिसत होतं. निशानं ते दुरुस्त करायला लावलं. ते म्हणाले, "बेटी, खुदा तुम्हारे हाथ में बरकत दे," आणि जाताना तिच्या मनगटावरचं बंद घड्याळ मागून घेतलं. आठवड्यानं ते चालू करून परत आणून दिलं. सोनिया नावाची एक मुलगी परदेशात शिकून परतली होती, तिची पुस्तकं अडकली होती. अशी माणसं. काही जण नुसते ऐकून घ्यायला कुणीतरी आहे म्हणूनच खिडकीपाशी थोडे जास्त थांबायचे. शिवराज साहेबांनी एकदा खाली येऊन पाहिलं आणि खिडकीसाठी आणखी एक खुर्ची पाठवून दिली.

मग पावसाळा संपला, आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत संस्कृतीचा फोन आला. 'आईनं बोलावलंय. येताना तुमच्या बाबांनाही आणा, म्हणते. फोनवर तुम्ही त्यांच्याबद्दल सांगितलं होतं ना.' रविवारी निशा आणि अप्पाराव जीपनं गेले. उसाच्या गाड्यांमुळं रस्ता भरलेला, जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं, अप्पारावांची कंबर वाटेत दोनदा बोलली. पण ते खूश होते.

घरात शिरताना खडखड ऐकू येत होती. भागूबाईनं पाणी दिलं, आणि मग निशाच्या कानाशी येऊन म्हणाली, "आधी दार लावून बसायचे. आता उघडं ठिवतेत."

ओसरीच्या कोपऱ्यात तात्यासाहेब मशीनवर बसले होते. नाकावर चष्मा, कपाळावर घाम. मशीनला पायाचं स्टँड बसवलेलं होतं. भागूबाईनं सांगितलं, पेटी घरी आली त्या महिन्यात ते एकटेच गंगापूरला गेले, मोतीराम टेलरच्या दुकानात. मोतीराम आता म्हातारा झालाय, दुकान मुलाकडं आहे, पण बसतो तिथंच. तात्यासाहेब त्याच्यासमोर बाकावर बसले आणि म्हणाले, 'माझ्या पोराला शिकवत व्हतास तेवढं मलाबी शिकव.' मोतीरामनं त्यांना मशीनवर बसवलं. स्टँडही त्याच्याच दुकानातलं, जुनं.

"अन् फोन?" निशानं विचारलं.

संस्कृती म्हणाली, "केला चालू. सगळ्यांनी मिळून. आधी तो ओटीपींचा ढीगच्या ढीग आला, मला तर रडू पण आलं अन् हसू पण. मग त्याच्या मित्रांचे मेसेज. कुणी लिहिलंय, भाई, बटन टूट गया, कब आऊं. कुणी लिहिलंय, ईदचा कुर्ता एकदम फिट झाला. सगळ्या खोलीचे कपडे तोच शिवायचा, ताई. शुक्रवारी त्याच्याकडं लाइन लागायची."

तात्यासाहेब मशीन थांबवून ऐकत होते. हे त्यांनी आधी अनेकदा ऐकलं असणार, तरी पुन्हा ऐकत होते. त्यांच्या मांडीवर जाड मांजरपाटाची झोळी होती. वेचणीला येणाऱ्या बायका कमरेला फाटकी लुगडी बांधून कापूस वेचायच्या. त्यांच्यासाठी ते झोळ्या शिवत होते, कमरेला बांधायच्या बंदांसकट. दारापाशी तयार झोळ्यांचा गठ्ठा होता आणि त्यातली एक उचलून न्यायला शेतातून आलेली बाई तिथंच कमरेला बांधून बघत होती.

"सरळ शिवान जमतीया," तात्यासाहेब अप्पारावांना म्हणाले. दोघांची ही पहिली भेट, पण ओळख करून देण्याइतका वेळ कुणी घेतला नाही. "वळन आलं की दोरा तुटतोय. कापड निसटतं."

अप्पाराव जवळ गेले. मशीनकडं त्यांनी नीट पाहिलं, सगळीकडून, माल उतरवायच्या आधी बघायचे तसं. मग स्टूल ओढून तात्यासाहेबांच्या शेजारी बसले.

"मी धरतो कापड. तुमी पाय मारा. वळनावर हळू."

खडखड सुरू झाली. वळणावर आली तशी हळू झाली. दोघांची डोकी कापडावर वाकलेली, टोपीला टोपी लागायच्या बेतात. दोरा तुटला नाही. तात्यासाहेबांनी मान वर करून बायकोकडं पाहिलं, बघितलंस का, असं, आणि पुन्हा पाय मारायला लागले.

निशा भागूबाईच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. बाहेर परतीच्या जीपनं हॉर्न वाजवला. ती उठायला लागली, तर तात्यासाहेब मान न वळवता म्हणाले, "थांब म्हनावं त्याला, पोरी. एवढी बाजू व्हऊ दे."